सातच्या कमरेची रेघ

अध्यक्षस्थानी विराजमान आमचे संचालक बार्ता साहेब, बुडापेस्टहून मुद्दाम आलेल्या विज्ञान परिषदेच्या बाई, जिच्यासाठी हा थाट मांडलाय ती डॉक्टर सेंद्रेई पिरोश्का, आणि मागच्या टेबलावरच्या खुसखुशीत, खाऱ्या पोगाचांच्या ताटांवर डोळा ठेवून बसलेल्या माझ्या तमाम सहकाऱ्यांनो,

एकतीस वर्षं मी, केलेमेन ओट्टो, पिरोश्काच्या शेजारच्या खोलीत काम केलं. तेव्हा निरोपाचे दोन गोड शब्द मीच बोलावेत, असा साहेबांचा आग्रह. गोड बोलायचा मला सराव नाही. खरं सांगायचं तर या बाईचा मी आयुष्यभर हेवा केला. हसू नका. माझ्या खरोखर पोटात दुखायचं.

आपण जाणताच, जनुकं चालू-बंद करणारं एक प्रथिन आम्ही दोघंही शोधत होतो. ते दिसायचं, तर नेमकं त्यालाच चिकटणारं प्रतिपिंड हाताशी हवं. मी सहा वर्षं ससे पाळले. माझ्या सशांची प्रतिपिंडं त्या प्रथिनाला चिकटायची, आणि त्याच्या चुलत-मावस भावंडांनाही! पिरोश्कानं उंदीर घेतले, ताटल्यांमधल्या नऊशे साठ खळग्यांत त्यांच्या पेशी वाढवल्या आणि त्यांतली एक निवडली. एकाच पेशीचा सगळा वंश, म्हणून सगळी प्रतिपिंडं तंतोतंत सारखी. फिल्मवर ते प्रथिन दाखवणारी एकच स्वच्छ पट्टी. भर जेवणाच्या खोलीत ही म्हणाली, "ओट्टो, तुझ्या सशांचा आता पाप्रिका घालून झणझणीत रस्सा कर!" सगळे हसले. मीही हसलो, आणि त्या दिवसापासून तिच्या पट्टीत खोट शोधू लागलो.

ज्या पेशींत ते प्रथिनच नाही, तिथेही पट्टी उमटली तर प्रतिपिंड लबाड. साधी परीक्षा. मी एक नंबरच्या दोन नळ्यांत साध्या, म्हणजे प्रथिन असलेल्या पेशींचा अर्क भरला, सात नंबरच्या नळीत प्रथिन नसलेल्या पेशींचा. प्रयोग केला आणि दोन्हीकडे पट्टी! केवढा आनंद झाला म्हणून सांगू? त्याच दुपारी फिल्म घेऊन मी तेव्हाच्या संचालकांकडे गेलो. पिरोश्काचं प्रतिपिंड बाहेरच्या प्रयोगशाळांना पाठवणं बंद झालं. पुढची दोन वर्षं ती एकेक प्रयोग पहिल्यापासून करत बसली.

आठवड्यानं मी नळ्यांचा डबा पुन्हा उघडला. आता आपण या देशात 1 च्या आकड्याला एवढी लांब शेंडी काढतो की तो 7 च वाटावा. म्हणून तर पहिलीतल्या बाई कान पिळून सातच्या कमरेवर आडवी रेघ मारायला शिकवतात. घाईत मी ती मारली नव्हती. सात समजून एकचीच दुसरी नळी वापरली होती. खरी सातची नळी काठोकाठ भरलेली, आणि तिच्या आकड्यावर आता हिरव्या शाईची रेघ. आमच्या मदतनीस बाईंनी मारली असेल, असं मी धरून चाललो. पुन्हा प्रयोग केला. जिथं प्रथिन नाही, तिथं पट्टी नाही. ती फिल्म मी खणात टाकली आणि कुलूप लावलं.

का नाही सांगितलं, विचाराल? हेव्यापोटी, दुसरं काय! आज जगभर तिचं प्रतिपिंड वापरतात. आणि ही माझी फिल्म. पिरोश्का, निरोपाची भेट म्हणून आणलीय. एकोणीस वर्षं उशीर झाला. मी चुकलो गं.

काय म्हणतेस? जरा मोठ्यानं बोल, मागं ऐकू जात नाही. रेघ तू मारली होतीस? मग तेव्हाच का नाही बोललीस?

मंडळी, ती म्हणतेय, "बोलले असते तर तू हट्टाला पेटला असतास. म्हणून रेघ मारून ठेवली. दोन वर्षं दारावर टकटक झाली की वाटायचं, आला ओट्टो."

माझ्या दारापासून तिचं दार सात पावलांवर आहे. मी रोज मोजायचो.

असो. साहेबांनी बोलायची संधी दिली, आपण निमूट ऐकून घेतलंत, आपला आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही उणंदुणं झालं असेल तर आपण मोठ्या मनानं पोटात घाला. पिरोश्काला मात्र मी तसं म्हणणार नाही. तिनं पुष्कळ पोटात घातलंय. फक्त एवढंच मागतो, बाई, जाताना ते हिरवं पेन माझ्या टेबलावर ठेवून जा.