आखणी झालेला गणपती आडवा करायचा नाय

माजं म्हायेर निडीचं, रोह्याच्या अलीकडचं. बाप भातशेतीवाला, आमाला गणपती म्हंजे वर्षाला एक, पाटावरून आनायचा आन् पान्यात सोडायचा, एवढंच ठाऊक. लगीन होऊन जोह्याला आले आन् बघते तर ओटीवर गणपती, माळ्यावर गणपती, पाय ठेवायला जागा नाय. आमचे हे शेठच्या मूर्तीच्या कारखान्यात आखणीला, आखणी म्हंजे मूर्तीचे डोळे काढायचे. काय सांगू तुमाला ताई, श्वास रोखून एका फटक्यात भुवई काढायचे, त्या टायमाला मी बांगडीचा पन आवाज करायची नाय. मी तिथंच, बाकीच्या बायांसंगं मूर्ती घासून गुळगुळीत करायला.

आता आमच्यात रीत हाय. कोरी मूर्ती कशीपन ठेवा, आडवी ठेवा, उलटी ठेवा, ती माती. पन आखणी झाली की तो देव, मग त्याला आडवा करायचा नाय, दोर आवळायचा नाय. म्हनून डोळे शेवटाला काढतात. पन मागं एका साली परदेशची ऑर्डर व्हती, ती बोटीनं आधी जाते, म्हनून पावसाच्या तोंडावरच डोळे काढलेल्या मूर्ती मांडणीवर उभ्या. आन् तेवढ्यात वादळाची बातमी. पंचायतीची गाडी भोंगा लावून फिरली, पत्र्याच्या शेडमदी कोनी थांबू नका.

हायवेवरच्या रामवाडीचे मूर्तीचे दुकानवाले बोर्ड उतरवून, शटर पाडून घरी गेले. आमी पन राबलो, पत्र्यावरून दोर घेऊन खांबाला आवळले, रेतीच्या गोनी चढवल्या, रंगाचे डबे वर उचलले, कोऱ्या मूर्ती पेंढ्यावर निजवून ताडपत्री बांधली. राहिल्या त्या डोळ्यांच्या. मी म्हटलं यांना पन निजवा. शेठनं कानावर हात ठेवले, म्हनाला पाप लागंल वयनी, कोनीतरी मांडणी धरून थांबा. कोनीतरी म्हंजे कोन? आमचे हे. आन् हे थांबले, त्याचा मला जास्त राग येतो, वर माझ्यावरच ओरडले, मी डोळे दिलेत, मी कसा निजवू. आन् शेठ सोता कुठं? पेणला, स्लॅबच्या घरात. थू.

दुपारी वारा सुटला. पत्रा गेला नाय ताई, आमी बांधलेला पत्रा हलला नाय. वाऱ्यानं दार फोडलं आन् मांडणीच आली यांच्या अंगावर, उजवा हात खाली. रस्त्याला झाडं आडवी, पेणच्या दवाखान्यात नेईपर्यंत दुसरा दिस उजाडला. हाड जुळलं, पन बोटं थरथरतात, ब्रश धरवत नाय. शेठ नारळ घेऊन आला, म्हनतो बाप्पानं जिवावरचं हातावर निभावलं. वाटलं तो नारळ त्याच्याच टाळक्यात घालावा. बाप्पाचं नाव कशाला घेतो रे? बाप्पानं सांगतलं काय तुला, तू पेणला जा, याला हितं ठेव म्हनून?

परवा परत भोंगा फिरला. यंदा पन परदेशची ऑर्डर, डोळेवाल्या मूर्ती मांडणीवर, आन् शेठचं तेच, कोनीतरी थांबा. मी पदर खोचला, पयला गणपती उचलला आन् पेंढ्यावर निजवला, तोंड वर करून. बाया मागं सरल्या. शेठ किंचाळला. मी म्हटलं, शेठ, पाप माझ्या नावावर लावा, पन आज हितं मानूस ठेवायचा नाय. मग एकेक बाई पुढं आली. सगळे निजवले, वरून आमच्या जुन्या लुगड्यांनी बांधले, बाहेरून कडी घातली आन् घरी गेलो.

वादळ भलतीकडंच वळलं, झाडाचं पान हाललं नाय. आता हे म्हनतात, बघ, उगाच देवाला निजवलंस, आन् माझ्याशी बोलत नायत. नका बोलू. बाप्पा रागावला तर त्याला पन रागवू दे, मी हाय त्याच्यापुढं उभी. ताट वाढते, हे डाव्या हातानं जेवतात, माझ्याकडं पाठ करून. जेवतात ना? मला तेवढं बास.