तालमीपुरती हिरॉइन

हसू नका, पण आमच्या जोहे गावच्या नाटकाची हिरॉइन महिनाभर मीच होतो. घरोघरी केबल आली तरी गावचं नाटक व्हायचं, आणि त्यातली बाई मुंबईहून आणायचे. ती यायची थेट प्रयोगाच्या दिवशी. तोवर तालमीत तिची वाक्यं कुणीतरी म्हणायची. मी कॉलेज सोडून घरी बसलेला, म्हणून अध्यक्ष नानांनी मला उभं केलं. "नायतरी तू बायल्याच हायस," असं चारचौघांत म्हणाले. नानांना नाटकातलं फक्त नारळ फोडणं कळायचं.

हिरो होता सुधीर. रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट संपवून यायचा आणि माझा हात धरून म्हणायचा, "तुझ्याशिवाय मी कसा जगू?" मी लाजायची ॲक्टिंग करतोय, असं सगळ्यांना वाटायचं. रविवारी तालीम नसायची. तो दिवस मला खायला उठायचा.

प्रयोगाला बाई आली. मी विंगेत, प्रॉम्प्टर. सुधीरनं तिचा हात धरला आणि ते वाक्य म्हणाला, माझ्याकडे बघून.

बाई हळूच म्हणाली, "अहो, मी इकडे आहे." माइकनं ते अख्ख्या गावाला ऐकवलं. लोक खो-खो हसले. तो दचकून वळला.

पडदा पडल्यावर नाना खेकसले, "विंगेत काय बघत होतास रे? पाठ नाय केलंस काय?"

"नाय झालं, नाना," सुधीर मान खाली घालून म्हणाला.

खोटं. त्याला माझीसुद्धा वाक्यं पाठ होती.