नव्या नंबरवरचा पहिला कॉल

तुमच्या ऑफिसातल्या बदलाचं काय घेऊन बसलात! आमच्या जव्हारच्या संस्थेची रुग्णवाहिका लोक थेट ड्रायव्हरला फोन करून बोलवायचे. ते बंद करून एकच नंबर ठेवायचं ठरलं. त्यासाठी आम्हा चौघांची टीम, प्रमुख पवार सर. पहिल्या दिवशी सकाळपासून आम्ही फोनकडे बघत बसलो. तो वाजेचना. सर नुसते येरझाऱ्या घालत होते.

दुपारी त्यांच्याच मोबाईलवर साखरशेतहून घरचा फोन आला. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. सरांनी ताबडतोब ऑफिसच्या दारात बसलेल्या ड्रायव्हरला गाठलं.

"जानू, गाडी काढ!"

"साहेब, नव्या नंबरवरून सांगल्याबिगर गाडी हलवायची नाय, तुम्हीच बोलले ना?"

घाबरलेल्या सरांनी तिथेच उभ्याउभ्या नवा नंबर लावला. फोन माझ्यासमोर वाजला. मी उचलला आणि शिकवल्याप्रमाणे विचारलं, "नमस्कार. रुग्णाचं नाव, वय?"

"अगं, गाडी पाठव आधी!" सर समोरून ओरडले.

गाडी वेळेत पोचली. दुसऱ्या दिवशी सर पेढे घेऊन आले, नात झाली होती. पेढा हातावर ठेवताठेवता म्हणाले, "ते प्रश्न मागाहून. आधी म्हणायचं, गाडी निघाली."