दाब बघायचा, पण दंड कुठला?

…नाही हो, भीतीला मी भीत नाही, पण ही असली भीती कुठल्या फडताळात ठेवायची ते तुम्ही सांगा! "येईलच असं नाही, येणार नाही असंही नाही." झालं! एवढं बोलून भोरच्या डॉक्टरीणबाई हात धुवायला गेल्या, आणि मी आपली तेव्हापासून त्या वाक्याशी संसार करतेय.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, रतनला उगाच बाऊ करायची सवय. आमच्या कामथडीत ते सगळे म्हणतातच. थोरलीच्या वेळी मला आठवा लागला आणि तोंड असं सुजलं, असं सुजलं, की आरशात डोळे शोधावे लागत. तर आळीतल्या बाया काय म्हणाल्या? "अगं बया, काय तेज चढलंय!" तेज! जोडवी रुतून बोटं काळीनिळी पडली, तरी तेजच! डोकं ठणकतंय म्हटलं तर शेजारच्या ठकुबाई म्हणाल्या, "पोराला जावळ लई आसनार, त्येनं दुखतंया." आता जावळ पोराच्या डोक्याला आणि ठणकतंय माझं डोकं, हे कसं? पण विचारणार कुणाला! मी सातवी फायनल पास झाले त्या पुस्तकात हा धडा नव्हता. मग एक दिवस डोळ्यांपुढं काजवे चमकले, आणि पुढचं मला आठवत नाही. झटके आले म्हणे. जीभ चावली गेली. घरच्यांना वाटलं, बाहेरचं लागलं. मिरच्या ओवाळल्या, अंगारा फासला, आणि तरीही मी ऐकेना, तेव्हा गाडी जुंपून मला भोरला नेलं. वाचले. थोरलीही वाचली.

तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्ताचा दाब चढला होता. पुढच्या खेपेला जपायचं. येईलच असं नाही, येणार नाही असंही नाही. पण सूज दिसली, डोकं दुखलं, की आधी माझ्याकडं यायचं, दाब बघायचा."

हे मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. आमचे हे म्हणाले, "येईलच आसं न्हाई? मंग न्हाईच येत! झोप आता." आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कपाळावर हात मारून म्हणाल्या, "येनार न्हाई आसं न्हाई? म्हंजी येनारच की गं बाई!" एकाच वाक्याचे दोघांनी दोन तुकडे केले, आपापला घेऊन गेले, आणि अख्खं वाक्य राहिलं माझ्या उशाशी.

आता यंदा पुन्हा दिवस गेले. आत्याबाई काही हातावर हात धरून बसणाऱ्या नव्हेत. त्यांनी भैरोबाच्या भगताकडून ताईत आणला आणि माझ्या उजव्या दंडाला काळ्या दोऱ्यानं करकचून बांधला. बाळंत होईस्तोवर सोडायचा नाही! तेवढ्यात कापूरहोळच्या झुबेदाबी, आत्याबाईंची जुनी मैत्रीण, त्यांनी पीरबाबाच्या दर्ग्यातून एक आणला. तो डाव्या दंडाला. तोही सोडायचा नाही! मी म्हटलं, "आत्याबाई, दोन कशाला?" तर म्हणाल्या, "येकाचा डोळा लागला तर दुसरा जागा पायजे." बरं, भगतानं सांगितलं "कायबी हुनार न्हाई", दर्ग्यातल्या मौलालीचाचांनीही सांगितलं "बेफिकीर ऱ्हा बेटी". सगळ्या जगाला माझं पुढचं नक्की ठाऊक! शिकलेली बाई तेवढी म्हणते, येईलच असं नाही, येणार नाही असंही नाही… मग ही शिकली तरी काय?

तर सातवा लागला, आणि परवा सकाळी उठले तो जोडवं फिरेना. पायाला बोट लावलं, तिथं खळगा पडला आणि तसाच राहिला. आत्याबाई खूश! "दोरा बग कसा दंडात रुतलाय! ताईतानं गुन धरला!" अहो, गुण कसला, दंड सुजला होता! संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं. मी ह्यांना म्हटलं, "उद्या गाडी जुंपायची. नाहीतर मी चालत निघते." आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांना जुंपायची म्हटलं, तुम्हाला सांगते, ते नुसते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. तोंडही सुजलंच होतं, बघण्यासारखं होतं.

भोर. दवाखाना. हे बाहेर गाडीपाशी, आत आम्ही दोघी सासवा-सुना. डॉक्टरीणबाईंनी पाय दाबला, काही बोलल्या नाहीत. खालची पापणी ओढली, काही बोलल्या नाहीत. डॉक्टर बोलत नाहीत ना, तेव्हा मला त्यांच्या चपलांचासुद्धा आवाज ऐकू येतो. मग पाऱ्याची पेटी उघडली, रबराचा पट्टा काढला. "दंड मोकळा करा."

खलास!

"न्हाई जमायचं," आत्याबाई पुढं सरसावल्या. "बाळंत हुईस्तोवर सोडायचा न्हाई."

"मग दुसरा हात द्या."

"त्येचाबी न्हाई."

बाई म्हणाल्या, "आजी, तिसरा हात आहे का सुनेला?" एरवी मी हसले असते. डोक्यात घण पडत होते.

मग आत्याबाईंची चालली न्यायपंचायत! भैरोबा सोडावा की पीरबाबा? "पीरबाबा पावना हाय. झुबेदानं येवढ्या मायेनं दिला. पावन्याला उठ म्हनायचं व्हय? भैरोबा घरचा. त्यो घेईल समजून…" मग पुन्हा, "पर घरचाच देव रुसला तर जायाचं कुनाकडं?" बाई पट्टा धरून उभ्या. मी दोन्ही हात पसरून बसलेली. शेवटी ठरलं, भैरोबाचा सोडायचा, पण त्यानं माझं अंग सोडायचं नाही. म्हणजे? म्हणजे आत्याबाईंनी तो माझ्या टाळूवर दाबून धरायचा आणि पाठीशी उभं राहायचं. दोरा सोडला तर दंडाला हा एवढा खोल वळ! बाईंनी त्यावरून बोट फिरवलं.

पट्टा आवळला. पारा वर चढायला लागला, आणि टाळूवरून आत्याबाई सुरू! "भैरोबा, लेकराला सांबाळ. चिमाजीच्या बायकूचं झालं तसं हुऊ देऊ नगं. सकाळी हासत व्हती, दुपारी गेली. वेळे गावच्या अंबूचं झालं तसं हुऊ देऊ नगं. पोरगंबी गेलं…" ही प्रार्थना की स्मशानाची हजेरी? प्रत्येक नावाला माझ्या काळजात लक्क होतंय आणि बाई पाऱ्याकडं बघतायत. "जास्त आहे," त्या म्हणाल्या. "घाबरल्या आहात. दहा मिनिटं शांत बसा, मग पुन्हा बघू." शांत! आत्याबाई मानेवर वारा घालायला लागल्या. "भिऊ नगंस पोरी. साळूची सून न्हाई का, तीबी भ्याली न्हवती. पर येळ आली व्हती…" पुन्हा पट्टा. आणखी जास्त!

मग बाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही बाहेर बसा."

"आन् ताईत?"

"तिच्या ओटीत ठेवा."

ओटीत म्हटल्यावर आत्याबाईंना पटलं. माझ्या ओटीत ताईत ठेवून, भिंतीला धरत बाहेर गेल्या. बाईंनी मला कुशीवर निजवलं, दार लोटलं. काय शांत वाटलं म्हणून सांगू! मग तिसऱ्यांदा पट्टा. पारा खाली आला. पण पुरता नाही हो, पुरता नाही.

मग माझी लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली. दाराच्या फटीतून आत्याबाई पुटपुटल्या, "आता ह्ये काय शिजवतीया ही?" बाई म्हणाल्या, "दह्यासारखं साकळलं तर फार वाईट." आयुष्यभर दूध उतू जाईल म्हणून चुलीपाशी बसलेय, पण असं श्वास रोखून नाही. नळीत बुडबुडे आले. वरचा भाग धुरकट झाला… साकळलं नाही. धुरकट.

"म्हणजे काय हो बाई? ते झटके पुन्हा येणार का?"

आता तुम्हाला वाटेल, काही निराळं बोलल्या असतील. छे! "येतीलच असं नाही, येणार नाहीत असंही नाही." पण ह्या खेपेला हात धुवायला गेल्या नाहीत, माझ्याशेजारी स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "मलाच नक्की सांगता येत नाही, म्हणून तुला माझ्या नजरेसमोर ठेवायची. बाळंत होईस्तोवर इथंच भोरात राहा. मीठ बंद, काम बंद, आणि काळजी तर अगदीच बंद. रोज दाब बघीन."

आणि तुम्हाला सांगते, मला रडूच आलं. बरं वाटून आलं! दवाखान्यामागं एक खोली, एक खाट, आणि दर घटकेला "येळ आली व्हती" म्हणणारं कुणी नाही!

बाईंनी ह्यांना आणि आत्याबाईंना आत बोलावून सगळं समजावलं. ह्यांनी मान हलवली. पट्टा गुंडाळून पेटी मिटत बाईंनी विचारलं, "सोबतीला कोण राहील?"

"म्या हाय की!" आत्याबाई म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. डोळे भरून आले होते त्यांचे, खोटं कशाला बोलू. "भिऊ नगंस रतन. आता पळभरबी तुज्यापास्नं हालायची न्हाई."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि मिटलेली पेटी परत उघडली.

मी मुकाट्यानं हात पुढं केला.