कालचा हंडा

मंडळी, ऐका! भाकरी शिळी होते, भाजी शिळी होते — पण पाणी शिळं होतं का? नुसत्या माना डोलवू नका, उत्तर द्या! नाही येत? मग द्वारकाकाकूंकडे चला.

काकूंचा नेम कडक! पहाटे उठायचं आणि कालचा हंडा, कळशी, माठ — सगळं मोरीत भडाभडा ओतायचं. सहाला नळ आला की ताजं पाणी! शेजारची भामा मात्र कालच्या हंड्यावर फडकं झाकून ठेवायची. काकू नाक मुरडायच्या, "शिळं पिता बाई तुम्ही! आमच्यात नाही चालत."

एकदा काय झालं — काकूंच्या शालनला बघायला पाहुणे यायचे होते. आधीची तीन स्थळं मोडलेली! हे तरी जमावं, म्हणून आईच्या जिवाला घोर. त्या दिवशी नेमाला जोर चढला — पिंपसुद्धा पालथं! सहा वाजले. नळ म्हणतो — फुस्स! साडेसहा — फुस्स! गल्लीत ओरड झाली, "मोठा पाइप फुटला, आज पाणी नाही!"

आता पोहे कशात भिजवायचे? चहा काय घामाचा करायचा? काकूंना रडूच फुटलं हो! शेवटी पदराआड कळशी घेऊन भामाच्या दारात उभ्या.

"भामाबाई, थोडं पाणी..."

भामा सोडते होय! "शिळंय हं, काकू. चालेल?"

"द्या हो बाई!"

पाहुणे आले. मुलाची आई घटाघटा पाणी प्यायली. म्हणाली, "गोड आहे हो! ताजं का?"

आली का पंचाईत? खरं सांगावं तर शोभा, खोटं बोलावं तर पाप! काकूंनी डोळे मिटले आणि बोलून टाकलं, "कालचं आहे. तेही शेजारचं."

काकूंना वाटलं, हेही मोडलं! आणि ती बाई खो खो हसायला लागली. "अहो, धरणात ते गेल्या श्रावणापासून पडून होतं! तुमच्याकडे एका रात्रीत शिळं झालं? आमच्या गावी नळ चौथ्या दिवशी येतो. तुमच्या लेकीला नाही ना हंडा ओतायची खोड?"

आतून शालन ओरडली, "मी नाही हो! आईच ओतते!"

जमलं की लग्न!

हसताय काय, मंडळी? आज सकाळी कोणी कोणी हंडा ओतला — हात वर करा! खोटं नाही बोलायचं, देव समोर उभा आहे! ...बापरे, एवढे?

काय म्हणता आजी? बुवांचा हात का वर नाही?

अहो, माझ्या हातात चिपळ्या आहेत ना!