कप्तानांनी उचललेली प्लेट

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मालक. कामं बाजूला ठेवून आलेले हॉटेल संघाचे कार्यवाह. आजचे सत्कारमूर्ती, वाढणाऱ्यांचे प्रमुख, म्हणजे आपल्या सर्वांचे कप्तान. त्यांच्या शेजारी बसलेल्या कप्तानवहिनी. समोर बसलेली आमची नेहमीची गिऱ्हाईकं, माझे सहकारी, आणि मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसलेले माझे थोरले बंधू. सर्वांना माझा नमस्कार.

तुमच्यापैकी पुष्कळांनी मला कधी पाहिलं नसेल, यात तुमचा काही दोष नाही. माझी जागा त्या भिंतीपलीकडे. भिंतीला खिडकी आहे आणि खिडकीतून बाहेर येणारे माझे हात तुम्ही पाहिले असतील. ते हे हात. आज त्यांत झाऱ्याऐवजी माइक दिलाय, तेव्हा सांभाळून घ्या.

कप्तान, बसा. कार्यवाहसाहेबांचा चहा संपलाय, ते मलाही दिसतंय. पण कप दुसरं कुणीतरी उचलेल. आज तुमचा सत्कार आहे.

तर मंडळी, मला कप्तानांच्या कामाबद्दल बोलायला सांगितलंय. आमचं हॉटेल छोट्या प्लेटांचं. इथे एकेकट्याचं ताट नाही. चार घास भोपळ्याचे, चार घास मासळीचे, वाटीभर मशरूम, जे आधी तयार होईल ते आधी येतं, मध्ये ठेवायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण नव्या माणसाला हे समजावून कोण सांगणार? सुरुवातीच्या काळात एक काका आले होते. पहिली प्लेट बघून म्हणाले, "चव बघितली, छान आहे. आता जेवण आणा." कप्तान अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "काका, हेच जेवण आहे. फक्त हप्त्याहप्त्याने येतं." काकांना इतकं हसू आलं की ते पुढच्या आठवड्यात सगळ्या कुटुंबाला घेऊन आले. आज ते इथे बसलेत. काका, हात वर करा. हां, ते बघा.

दुसरी गोष्ट टेबलाची. मालकांची क्षमा मागून सांगते, आमची टेबलं लहान आहेत. तीन प्लेटा मांडल्या, पाण्याचे पेले ठेवले की मग कोपर टेकायलासुद्धा जागा नाही. चौथी प्लेट आली की एक जायलाच हवी. कुठली जाणार, हे कप्तान ठरवायचे. गप्पा रंगलेल्या असायच्या, कुणाचं तरी वाक्य अर्धवट असायचं, आणि ते पुरं होईपर्यंत रिकामी प्लेट गेलेली आणि गरम प्लेट आलेली असायची. "अहो, आमचं कुठे गेलं?" असं विचारलेलं मी फार क्वचित ऐकलं. इतका हलका हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. हे मी मनापासून सांगतेय, कारण पुढे मी जे बोलणार आहे त्यावरून तुम्हाला शंका यायला नको.

मालक घड्याळाकडे बघताहेत. साहेब, तुम्ही मला बोलायला लावलंत, आता थोडं सोसा.

आमच्यातल्या सगळ्यांना माहीत आहे, गिऱ्हाइकांना नसेल, की कप्तान माझे व्याही आहेत. त्यांचा मुलगा माझा जावई. दोघांची ओळख याच हॉटेलात झाली, माझी नजर कढईवर आणि यांची टेबलांवर असताना. आमच्या दोघांच्या नाकाखाली काय चाललंय याचा आम्हाला पत्ता नव्हता. कळलं तेव्हा आनंद झाला, अगदी खरं सांगते. माझे यजमान नाहीत. मुलगी ओळखीच्या माणसांत जातेय म्हटल्यावर जिवात जीव आला.

लग्नाची बोलणी इथेच करायचं ठरलं. हॉटेलच्या सुट्टीचा दिवस होता. मालकांनी मोठ्या मनाने किल्ली दिली. त्या कोपऱ्यातलं टेबल मांडलं. कप्तानांकडून ते स्वतः, वहिनी आणि मुलगा. आमच्याकडून मी, मुलगी आणि मुलीचे मामा, म्हणजे ते मागे बसलेले बंधू. आमच्या घरातलं मोठं माणूस तेच, म्हणून मुद्दाम बोलावलेले. नवा सदरा घालून आले होते.

आता या टेबलावर मी आयुष्यात पहिल्यांदा बसले होते. बसले खरी, पण बसवेना. भोपळ्याचे काप भट्टीत होते आणि वास बदलला होता. म्हटलं, एवढे काढून येते. गेले आत. आत गेल्यावर हात चालायला लागले. भोपळा झाला, मशरूम झाले, मासळी लावली. इकडे कप्तानांचंही तेच. पहिली प्लेट खिडकीत दिसली आणि हे उठले. खांद्यावर रुमाल कधी टाकला, यांचं यांनाही कळलं नसेल. मुलाचे वडील वाढताहेत, मुलीची आई रांधतेय, आणि बोलणी? बोलणी करायला उरले मामा आणि वहिनी. दोघांची त्या दिवसापूर्वी ओळखही नव्हती. मामा पाण्याच्या टाकीची गळती कशी थांबवली ते सांगत होते. वहिनी "हो का" म्हणत होत्या.

हसा, हसा. त्या वेळी आम्हालाही हसू आलं असतं तर बरं झालं असतं.

माझे बंधू सावकाश जेवतात. आधी सगळ्यांना घ्या घ्या म्हणतात आणि शेवटी आपण घेतात. मासळीच्या प्लेटमध्ये त्यांच्या वाट्याचा तुकडा होता. त्यांनी ती आपल्याकडे ओढली, टाकीचा मुद्दा संपवला, काटा उचलला. तेवढ्यात मी आतून घंटा वाजवली. मिरच्यांची चौथी प्लेट तयार होती. आणि कप्तानांनी मामांच्या समोरची प्लेट उचलली.

बंधूंचा काटा हातातच राहिला. जेवणही पुढे झालं, तारीखही ठरली. बाहेर पडल्यावर मात्र फूटपाथवर थांबले आणि म्हणाले, "सोयरीक जोडायला आलो होतो. माझ्या पुढचं उचललं त्यांनी. असं मला आजवर कुणी केलं नाही."

तिथे घोडं अडलं, ते आजपर्यंत.

आता कुणी म्हणेल, घंटा कुणी वाजवली? कप्तानही तेच म्हणतात. दुसऱ्या दिवशी खिडकीतून मी म्हटलं, "दादांना एक फोन करा, वाईट वाटलंय त्यांना." तर हे म्हणाले, "विहीणबाई, घंटा तुम्ही वाजवलीत." घंटा मीच वाजवली. प्लेट झाली की घंटा वाजवायची, हे माझं काम. घंटा वाजली की टेबलावर जागा करायची, हे त्यांचं काम. म्हणजे दोघांनीही आपापलं काम चोख केलं आणि माझा भाऊ उपाशी राहिला. मग यात क्षमा कुणी मागायची? मी मागणार नव्हते. आजही मागत नाही. मी चुकले असं मला वाटत नाही.

लग्न झालं. थाटात झालं. पण आमचं बोलणं उरलं ते खिडकीपुरतं. "मशरूम दोन." "झाले." "कोपऱ्यातलं टेबल घाईत आहे." "कळलं." सणासमारंभाला वहिनींचा फोन यायचा, यांचा नाही. मुलं दूरच्या गावी राहायला गेली. जावई दर वेळी मला बोलवायचे. मी म्हणायचे, तुमच्या वडिलांनी बोलावलं तर येईन. आणि हे तिकडे म्हणायचे, स्वतःच्या मुलीकडे यायला त्यांना माझं आमंत्रण कशाला लागतं? दोघांच्याही नाकावर माशी बसत नाही. मध्ये मुलांचे हाल.

मंडळी, आता कप्तान निवृत्त होताहेत. गुडघे दुखतात. ते आणि वहिनी मुलाकडे कायमचे राहायला जाताहेत. आणि आनंदाची बातमी अशी, की माझ्या लेकीला दिवस गेलेत. टाळ्या नंतर वाजवा, नाहीतर मला बोलता येणार नाही. डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको म्हणून बजावलंय. म्हणजे ती माझ्याकडे येऊ शकत नाही. परवा फोनवर म्हणाली, "आई, मला भीती वाटतेय. तू येशील ना?" मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला ते देववेना. मी फोन ठेवला आणि कांदे चिरत बसले. त्या दिवशी कांद्याच्या कुठल्याही पदार्थाची मागणी नव्हती.

म्हणून मालकांनी भाषणाचं विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. खिडकीतून हे विचारता आलं नसतं.

कप्तान, मला माझ्या लेकीजवळ राहायचंय. बाळ होईल तेव्हा आणि त्यानंतर काही दिवस. ते घर आता तुमचंही आहे. मी येऊ का?

काय? जरा मोठ्याने बोला. कुणीतरी त्यांना माइक द्या. नको? बरं, मी सांगते सगळ्यांना काय म्हणताहेत ते.

म्हणताहेत, "मागच्या महिन्यात गेलो होतो तेव्हा तुमची खोली लावून आलोय. पलंग भिंतीजवळ होता, तो खिडकीशी सरकवला. भट्टीजवळ राहून राहून तुम्हाला मोकळा वारा लागतो."

मग हे इतके दिवस सांगितलं का नाही?

म्हणताहेत, "विचारलंत आजच."

वहिनी, तुम्हाला माहीत होतं? मान काय हलवताय? आणि दादा, तुम्हालाही? तुम्हाला फोन केला होता यांनी? कधी? आणि तुम्ही मला बोलला नाहीत?

म्हणजे माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

बरं. मला पाणी द्या कुणीतरी. नाही, ठीक आहे, बोलते. मी इथे पुढे कप्तानांच्या शिस्तीबद्दल आणखी थोडं बोलणार होते, ते आता राहू दे. मालकांनी मला संधी दिली, तुम्ही सर्वांनी माझं घरचं गाऱ्हाणं शांतपणे ऐकून घेतलंत, वहिनींनी इतकी वर्षं दोन्हीकडचे फोन सांभाळले, त्या सगळ्यांची मी आभारी आहे. बोलताना माझ्या तोंडून काही वावगं गेलं असेल तर सभागृहाने ते पोटात घालावं. व्याह्यांनी लगेच घातलं नाही तरी चालेल. मी महिनाभर तिथेच असणार आहे.