मी अडवलेला एकच बॉल

अरे, हसू नकोस, मी खरंच युरोपियन कपची मॅच खेळलोय! ऐंशीच्या दशकात नॉटिंगहॅमला हॉस्पिटलमध्ये होतो तेव्हा. तिथल्या हँडबॉल क्लबचा मी डॉक्टर. खेळाडू कमी पडत म्हणून यादीत माझंही नाव घातलेलं. नॉर्वेची टीम आली. हाफटाइमनंतर आमच्या गोलकीपरचं बोट मोडलं. मी पट्टी बांधतोय तोच कोच म्हणाला, "डॉक, आता तूच उभा राहा."

राहिलो. एक बॉल थेट पोटावर बसला, तेवढा अडला. बाकी सगळे आत!

मॅच संपल्यावर त्यांचा कोच हसत माझ्याकडे आला. मला वाटलं, शाबासकी देणार.

"डॉक्टर," तो म्हणाला, "आमच्या त्या उंच गड्याचा खांदा बघता का जरा? तुमच्यावर गोल मारून मारून भरून आलाय."